बगीच्यातलं बघणं

आमच्या गावात पोरगी बघायला आता कुणी कुणाच्या घरी जात नाही. गेलं की सगळ्या गल्लीला कळतं, आणि नकार आला की गल्लीच्या तोंडाला महिनाभराचं काम मिळतं. म्हणून लोकांनी डोकं चालवलं. मुल्लामारी नदीच्या काठावर नवा बगीचा झाला, त्यात फिरायला फरशीची गोल वाट झाली, आणि लोक त्या वाटेवर पोरी दाखवायला लागले. बगीचा करणाऱ्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

रीत अशी पडली, की मुलीकडच्यांनी मोठ्या फाटकानं आत येऊन उजव्या हाताला वळायचं आणि मुलाकडच्यांनी डाव्या. दोघांनीही आपलं हवा खायला आल्यासारखं चालायचं. वाट गोल, तेव्हा समोरासमोर गाठ पडणारच. पहिल्या गाठीला नुसतं बघायचं, ओळख दाखवायची नाही. दुसऱ्या गाठीला पोरापोरीनं एकमेकांकडं नीट बघून घ्यायचं, हसू आलं तर हसायचं. तिसऱ्या गाठीला मुलाकडच्यांनी थांबायचं आणि म्हणायचं, "अगं बाई, तुम्ही इथं कशा?" थांबले म्हणजे पसंत. मग बाकावर बसायचं, मुलीकडच्यांनी डब्यातला चुरमुऱ्यांचा सुसला काढायचा, एकेक घास सगळ्यांनी खायचा, बोलणी सुरू. आणि पसंत नसली तर मुलाकडच्यांनी तिसऱ्या गाठीआधीच नदीकडच्या लहान फाटकानं गुपचूप निघून जायचं. कुणी कुणाला नकार दिला नाही, कुणाचं नाक कापलं नाही. फिरायला आले होते, फिरून गेले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी दानेश्वरी त्या बगीच्याच्या मोठ्या फाटकाशी उभी होती. तिला ना पोरगी दाखवायची होती ना पोरगा. ती आली होती सूड घ्यायला. हे मी मीठमसाला लावून सांगत नाही. सकाळी न्हाताना तिनं स्वतःशी हाच शब्द उच्चारला होता आणि मग डोक्यावर पाण्याचा तांब्या उपडा केला होता.

दानेश्वरी कडक भाकऱ्यांचा धंदा करते. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ भाकऱ्या. लग्नाकार्यात तिच्याच घरून थप्प्या जातात, आळंदपासून हुमनाबादपर्यंत. हाताखाली बायका आहेत, दारात टेम्पो लागतो. आणि गावात तिची एक ख्याती आहे, की ही बाई तोंडानं फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. भाकरी जाड झाली तर स्वतःच सांगते, आज जाड झालीय, कमी द्या. अशा बाईच्या शब्दाला वजन असतं. त्या वजनाचाच ती आज उपयोग करणार होती.

कुणावर, ते सांगतो. तिच्या भिंतीला भिंत लागून मल्लव्वाचं घर. दानेश्वरी तरुण होती तेव्हा मल्लव्वाला काकू म्हणायची. उठता बसता त्या घरात. मग दानेश्वरीला आळंदच्या नागेंद्र मास्तरांचं स्थळ आलं. मास्तर घरी येऊन बघून गेले, तिच्या हातची भाकरी खाऊन गेले, आणि जाताना दारातून वळून तिच्याकडं एकदा बघून गेले. त्या वळून बघण्यावर पोरगी आठ दिवस तरंगत होती. मग रीतीप्रमाणं मास्तरांची आई शेजारी चौकशीला गेली. शेजार म्हणजे मल्लव्वा. मल्लव्वा म्हणाली, "पोरगी गुणाची हाय बघा. कामाला वाघीण. पण..." आणि गप्प झाली. पण काय, असं त्या माउलीनं विचारलं. मल्लव्वानं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "सोडा. आपल्याला काय करायचंय. लेकराचं वाईट कशाला बोला."

एवढंच. त्या 'पण'च्या मागं काय होतं? काहीसुद्धा नव्हतं. म्हणूनच तर ते जहर झालं. काही ठरावीक सांगितलं असतं तर खोडता आलं असतं, डॉक्टरकडं नेता आलं असतं, चार माणसं बोलावता आली असती. मास्तरांच्या आईनं आळंदला पोचेपर्यंत त्या रिकाम्या जागेत मनाला येईल ते भरलं. फिट भरली, पांढरा डाग भरला, एखादा पोरगाही भरला असेल. होकार आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मल्लव्वाच्या भावाची पोरगी त्याच मास्तरांच्या घरी नांदायला गेली, तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आणि मल्लव्वा काय म्हणाली? गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथेवर सांगत फिरली, "मी तर कौतुकच केलं की गं बाई तिचं." आजवर तेच म्हणत आली. एकदा बिघडलेलं नाव सुधारत नाही. दानेश्वरीला पुढं स्थळच येईना. शेवटी दुबलगुंडीच्या एका बिजवराला दिली, दोन पोरांच्या बापाला. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं तिच्याकडं कधी वळून बघितलं नाही. त्याची पोरं तिच्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली आणि शेवटपर्यंत तिला बाई म्हणत राहिली. नवरा गेला, पोरांनी शेत वाटून घेतलं, दानेश्वरी एक ट्रंक घेऊन माहेरच्या गल्लीत परत आली, त्याच भिंतीशेजारी. तिची आई तोवर खंगली होती. मरायच्या आदल्या आठवड्यात म्हातारी तिला विचारत होती, "खरं सांग, तुझ्यात काय खोट होती गं? मला तरी सांग." पोटच्या पोरीला आईनं हे विचारावं. मल्लव्वाची ती कमाई.

असो. आता मल्लव्वाची नात नीलांबिका लग्नाची झाली होती. पोरीची आई लहानपणीच गेली, म्हणून ती आजीच्या मांडीवर वाढली. मल्लव्वाचा जीव म्हणजे ही पोर. बी.एड. झालेली, शांत, कामाची. आजीचं आणि शेजारणीचं बोलणं बंद आहे हे तिला ठाऊक होतं, तरी भिंतीवरून वाकून म्हणायची, "आत्या, ज्वारीचं पीठ जास्त झालंय, घ्या की." दानेश्वरीला ती आवडायची. तेही खरं आहे, लपवायचं कशाला.

तिला स्थळ आलं कोहिनूर गावच्या सत्यभामाबाईंच्या मुलाचं. शरणबसव त्याचं नाव, कडगंचीला विद्यापीठात नोकरी. सत्यभामाबाईंच्या थोरल्या मुलीच्या लग्नात भाकऱ्या दानेश्वरीच्याच होत्या. त्यांनी फोन केला. "दानेश्वरीअक्का, तुम्ही त्यांच्या भिंतीशेजारच्या. तुमच्याएवढं खरं मला कोण सांगणार? पोरगी कशी हाय?"

दानेश्वरीच्या हातात पिठाचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला. इतकी वर्षं देवाकडं काही मागितलं नव्हतं आणि देवानं फोन करून विचारलं. ती म्हणाली, "फोनवर कशाला? बगीच्यातच या. मी बी संगं येते, चालता चालता बोलू."

त्या दिवशी भाकऱ्या थापताना ती ते वाक्य घोळवत राहिली. पोरगी गुणाची हाय, पण. पोरगी गुणाची हाय बघा, पण. कुठं थांबायचं, पदर कधी लावायचा. स्वयंपाक करतानाही कुणी इतकी चव घेत नाही.

तर ती फाटकाशी उभी होती. पाऊस सरून पंधरवडा झाला होता. दुपारी आश्विनाचं ऊन चटके देत होतं, आता जरा हवा सुटली होती. फाटकाबाहेर सीताफळवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. पलीकडच्या रानात सोयाबीनच्या राशी चालल्या होत्या, त्यांची धूळ उन्हात दिसत होती. नदीला अजून पाणी होतं, आणि गढूळपणा खाली बसल्यानं ते हिरवट दिसत होतं. बुचाच्या झाडांखाली वाटेवर पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. सूड घ्यायला आलेल्या बाईलाही तो वास आवडला.

सत्यभामाबाई आल्या. अंगानं भरदार, चप्पल नवी, दोन पावलांत धाप. शरणबसव चार हात पुढं चालत होता, मोबाइलकडं बघितल्यासारखं करत आणि समोरच्या वाटेकडं बघत. पोरगा देखणा नव्हता, पण चेहऱ्यावर भलेपणा होता.

"हं, सांगा आता," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"पोरगी गुणाची हाय," दानेश्वरी म्हणाली. शब्द तोंडातून सुटले आणि तिला हसू येऊ लागलं. पुढचा शब्द जिभेच्या टोकावर होता. पण तिला घाई करायची नव्हती. मल्लव्वा समोर दिसेल तेव्हाच तो टाकायचा, म्हातारीच्या डोळ्यांदेखत, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून तोवर ती खरं तेच सांगत राहिली. शिकलेली आहे, आवाज चढवत नाही, आजीचं दुखणंखुपणं एकटी काढते.

नदीकडच्या वळणावर सावली दाट आहे. तिथं फरशीवर शेवाळ धरतं. त्याच वळणावर समोरून मंडळी आली. मल्लव्वाचा मुलगा रेवणसिद्धप्पा, खळ लावलेल्या पांढऱ्या शर्टात. पिस्ता रंगाच्या साडीतली नीलांबिका, हातात पिशवी, पिशवीत सुसल्याचा डबा. आणि मधे काठी टेकत मल्लव्वा.

मल्लव्वानं आधी मुलगा बघितला. तोंड खुललं. मग मुलाची आई बघितली. मग आईच्या खांद्याला खांदा लावून चालणारी दानेश्वरी बघितली.

काठी जागच्या जागी थांबली. म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. दानेश्वरीनं ते डोळे भरून बघितलं. आणि तिथं तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. तिनं पदर तोंडाला लावला, सत्यभामाबाईंच्या कानाशी वाकली, आणि मल्लव्वाच्या डोळ्यांत डोळे घालून हळूच म्हणाली, "पायाखाली बघा हं. फरशी निसरडी हाय."

सत्यभामाबाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि खाली बघत चालू लागल्या. जवळून बघणाऱ्याला ती चप्पल जपणारी बाई दिसली असती. मल्लव्वाला काय दिसलं ते तुम्हीच समजा.

मंडळी मागं पडली. दानेश्वरीच्या अंगावर गोड काटा आला. कशाला बोलायचा तो 'पण'? कशाला आपलं तोंड विटाळायचं? खोटं न बोलता म्हातारीचं काळीज हातात येत होतं. ती मनापासून नीलांबिकेचं कौतुक करू लागली. आता तर हातचं काही राखायचं कारणच नव्हतं. पोरगी गेल्या पावसाळ्यात तिच्या भाकऱ्या वाळवायला कशी धावत आली, ते सांगितलं. एकदा आजीची चूक असताना आजीलाच कसं गोड बोलून समजावलं, ते सांगितलं. सत्यभामाबाईंचा चेहरा उजळत गेला.

"अशीच पाहिजे होती बघा मला," त्या म्हणाल्या.

दुसरी गाठ पडली ती बुचाच्या झाडांखाली. शरणबसवनं मोबाइल खिशात घातला होता. नीलांबिकेनं मान वर केली, त्यानं बघितलं, आणि दोघं एकदमच हसली. दोघांनाही ते हसू आवरता आलं नाही, खाली बघूनही येतच राहिलं. रेवणसिद्धप्पाचा जीव भांड्यात पडला. मल्लव्वाचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. ती दानेश्वरीकडं बघत होती. एका हातात काठी, आणि दुसरा हात छातीपाशी येऊन अर्धवट जोडल्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांत तो हात दानेश्वरीपुढं पहिल्यांदा जोडला जात होता.

थांबायची वेळ होती ती. शहाण्या बाईनं तिथं पुरे म्हटलं असतं. दानेश्वरी पुन्हा वाकली, पदर तोंडाला, आणि म्हणाली, "तुमच्या पाठीवर फूल अडकलंय, बुचाचं."

"अगं बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि लगबगीनं खांद्यामागं हात फिरवू लागल्या.

मल्लव्वानं ते 'अगं बाई' ऐकलं. ती तिथंच मागं वळायला गेली. रेवणसिद्धप्पानं दंड धरला म्हणून पडली नाही. दानेश्वरी पुढं गेली, आणि पाठमोरी झाल्यावर तिनं पोटभर हसून घेतलं. ओठ मिटून, पण पोटभर.

"काय झालं हो?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. पोरं हसली, म्हणून बरं वाटलं."

"मला पसंत हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्यालाबी हाय, दिसायलंच की. आता पुढच्या गाठीला थांबायचं."

हे ऐकून दानेश्वरी जरा भानावर आली. लग्न जमत होतं. तिच्याच शब्दानं जमत होतं. बरं, जमू दे, तिनं मनाशी म्हटलं. म्हातारीला आयुष्यभर हे खुपत राहील, की जिचं मोडलं तिनंच माझं जमवलं. तोही सूडच की. आणि पोरीचं भलं होतंय. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. जाता जाता मल्लव्वाला नुसतं एकदा बघायचं, एवढंच राहिलं होतं.

पण मल्लव्वा तिसऱ्या गाठीपर्यंत थांबलीच नाही.

लहान फाटकाच्या अलीकडं, जिथं मुलाकडचे निघून जातात तिथंच, ती समोरून एकटी आली. मुलाचा हात झिडकारून आली असावी, कारण रेवणसिद्धप्पा मागून "अव्वा, अव्वा" करत पळत होता आणि त्याच्या मागं नीलांबिका. पायात चप्पल एकच. म्हातारीनं येऊन सत्यभामाबाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, हिचं काय बी ऐकू नका. पोरीत खोट न्हाई माझ्या. ही माझ्यावरचा राग पोरीवर काढायलीय."

"कसला राग?" सत्यभामाबाई गांगरल्या.

"हिचं लगीन मी मोडलंय. मी. मास्तराच्या आईला मी मुद्दाम तसं अर्धं बोलले. माझ्या भावाच्या पोरीला ते घर मिळावं म्हणून बोलले. हिच्यात तवा काय बी नव्हतं, सोन्यासारखी होती. त्याचा सूड घ्यायलीय ही. मला घ्या शिव्या, मला मारा. पोरीला टाकू नका."

फिरायला आलेली चार माणसं थांबली होती. कुणी लेकराला हाताला धरून उभं होतं, कुणी उगीच बुटाची नाडी बांधत होतं. सगळ्यांनी ऐकलं. इतकी वर्षं जे ऐकायला दानेश्वरीचे कान तरसले होते, ते भर बगीच्यात, चार लोकांसमोर, मल्लव्वाच्या स्वतःच्या तोंडून आलं. सोन्यासारखी होती. काय बी नव्हतं. दानेश्वरीचे डोळे भरून आले. आई असायला पाहिजे होती, असं तिला वाटलं. आईनं हे ऐकायला पाहिजे होतं.

"अहो, पण ह्या तर मघापासून तुमच्या नातीचं कौतुकच करायल्यात," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी थांबणारच होते आता."

मल्लव्वाच्या डोक्यात ते शिरलंच नाही. ती नुसती हात धरून उभी राहिली. सत्यभामाबाईंनी आपले हात सावकाश सोडवून घेतले आणि दानेश्वरीकडं वळल्या.

"खरं हाय का हो हे? ह्या बाईंनी तुमचं लग्न मोडलं?"

इथं एका वाक्यात सगळं सावरलं असतं. म्हातारी झालीय, काहीबाही बोलती, मनावर घेऊ नका. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या बाईचं मन तसंही पोरीवर बसलं होतं, तिला नुसता आधार पाहिजे होता. दानेश्वरीला हे कळत होतं. नीलांबिका मागं उभी राहून तिच्याकडंच बघत होती, तेही तिला दिसत होतं.

"व्हय," दानेश्वरी म्हणाली. "खरं हाय."



सत्यभामाबाई मल्लव्वापासून दोन पावलं मागं सरल्या. मग रेवणसिद्धप्पाला म्हणाल्या, "पोरगी चांगलीच असंल तुमची. पण जिच्या मांडीवर वाढली ती बाई दुसऱ्याच्या लेकराचा संसार असा मोडती... माझ्या बी घरात एक पोरगी लग्नाची हाय. मला भ्या वाटायलंय. माफ करा." आणि मुलाला म्हणाल्या, "चल."

शरणबसव हलला नाही. "आई, तिचा काय दोष?" तो म्हणाला. पण तो हळू म्हणाला, आणि आई फाटकाबाहेर पडली होती. मग तोही गेला. जाताना फाटकातून वळून त्यानं नीलांबिकेकडं बघितलं. दानेश्वरीनं ते बघणं बघितलं आणि मान फिरवली. रेवणसिद्धप्पा "ताई, ऐका तर" करत त्यांच्या मागं धावला. थांबलेली माणसं पुन्हा चालायला लागली.

मल्लव्वा बाकावर जाऊन बसली. बसली म्हणजे कोसळलीच. नीलांबिका दानेश्वरीजवळ आली. रडत नव्हती. हातातली पिशवी तशीच होती.

"आत्या, त्यांच्या कानात काय सांगत होता तुम्ही?"

"पहिल्यांदा फरशी निसरडी हाय म्हणाले. मग फूल अडकलंय म्हणाले."

"आणि बाकीचं?"

"बाकी तुझं कौतुक. सगळं खरं."

पोरगी हुशार. तिला लगेच कळलं. कुठं पदर लावला, कुणाकडं बघत लावला, सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतंच. आता त्याचा अर्थ लागला. 

"हे आज्जीला सांगू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही वाईटच बोलला असं तिला वाटू द्या. ती तुम्हाला शिव्या देत जगंल. आपल्यामुळंच मोडलं असं तिला कळलं तर ती जगायची न्हाई. माझ्यासाठी एवढं करा, आत्या."

बाकावरून मल्लव्वाचा आवाज आला. "खोटं. ती पोराची आई तोंडदेखलं बोलली. कौतुक म्हणे. दानेश्वरे, काय भरवलंस तिच्या कानात? आता तरी सांग."

आता तुम्हाला वाटेल, बाईचं मन विरघळलं असेल. पोरीकडं बघून तरी एक खोटं बोलली असेल, आणि मी डोळे पुसून गोष्ट संपवीन. छे. मन काही तूप नव्हे, ऊन लागलं की पातळ व्हायला. दानेश्वरीच्या डोळ्यांपुढं पोरगी नव्हतीच. आई होती, खाटेवरची, खोट विचारणारी. तिलाही कुणीतरी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. कुणी सांगितलं नाही. ती तशीच गेली.

ती बाकाकडं गेली आणि मल्लव्वाच्या शेजारी बसली. लग्नाआधी त्या दोघी अशाच ओट्यावर बसायच्या.

"ऐक," ती म्हणाली. "फरशी निसरडी हाय, जपून चाला, असं म्हणाले. पाठीवर फूल अडकलंय, असं म्हणाले. बाकी सगळी वाट तुझ्या नातीचे गुण गायले. त्यांना पसंत होती. पुढच्या गाठीला थांबणार होते. तू आली नसतीस, तर आत्ता ह्याच बाकावर सुसला खायलो असतो सगळे."

"खोटं," मल्लव्वा म्हणाली.

"मी खोटं बोलत न्हाई. तुला ठाऊक हाय."

"लिंगाला हात लाव."

दानेश्वरीनं पदराआडचं लिंग हातात धरलं आणि पुन्हा सगळं सांगितलं. शब्दाला शब्द तसाच, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

मल्लव्वा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. शिव्या देईल, छाती बडवून घेईल, असं दानेश्वरीला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याची तिला भूकही होती. तसं काही झालं नाही. म्हातारीनं नुसतं नातीकडं बघितलं. मग मांडीवरच्या साडीवरनं हात फिरवत बसली, तिथं काही सांडलंय आणि ते पुसायचंय, असं. बराच वेळ पुसत राहिली. नीलांबिकेनं तो हात धरला.

"चल आज्जी. अंधार पडायलाय."

दानेश्वरीला तिनं आत्या म्हणून रागानंही हाक मारली नाही. आजीला उठवलं, काठी दिली, राहिलेली एक चप्पल कुठं पडली ते शोधून आणली आणि वाकून पायात घातली. दोघी मोठ्या फाटकाकडं निघाल्या.

दानेश्वरीही उठली. तिला बरं वाटत होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं खरंच वाटत होतं, उगीच नाही का म्हणू. रखवालदार नदीकडच्या फाटकाला कुलूप घालत होता, म्हणून तिलाही मोठ्याच फाटकानं जाणं भाग होतं. वाट दोन्हीकडून मेंदीनं अरुंद झालेली, पुढं त्या दोघी शेजारी शेजारी, आणि मल्लव्वा एकेक पाऊल टाकणारी. ओलांडून जायला जागा नव्हती. दानेश्वरी तिच्याच चालीनं मागं मागं चालू लागली.

चालताना तिला फार वाटलं, की आज झालं ते कुणाला तरी सांगावं. घरी जाऊन कुणाला तरी जवळ बसवावं आणि म्हणावं, बघ, कबूल केलं तिनं, चार माणसांत केलं, सोन्यासारखी होती म्हणाली मला. आई नव्हती. मास्तरांना तिचं नाव तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे. भाकऱ्या थापणाऱ्या बायका कालच्या पोरी, त्यांना यातलं काय कळणार. ही सगळी हकीकत पहिल्यापासून ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते तिच्या पुढं काठी टेकत घरी चाललं होतं.